स्पॅनिश बोलणाऱ्या द्विभाषिकांना रुग्णालयातील दुभाषे म्हणून कसे तयार करावे

अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणाऱ्यांची संख्या चार कोटींहून अधिक आहे, आणि त्यांपैकी फार मोठ्या वर्गाला डॉक्टरांशी इंग्रजीत नीट बोलता येत नाही. दोन्ही भाषा बोलणारा माणूस शोधणे मात्र तिथल्या रुग्णालयांना सहसा जड जात नाही. नोंदणीच्या खिडकीवर, प्रयोगशाळेत, सफाई विभागात कोणी ना कोणी भेटतेच, आणि वेळ पडली की त्यालाच हाक मारली जाते. दोन भाषा येणे आणि एका माणसाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत जसेच्या तसे पोहोचवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, ही गोष्ट प्रशिक्षण आखणाऱ्याने पहिल्या दिवशी उमेदवारांना पटवून द्यावी लागते, आणि ती शब्दांनी पटत नाही. सरावात त्यांचे स्वतःचेच बोलणे ऐकवून पटते.

कायद्याची चौकट थोडक्यात सांगून मोकळे व्हावे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणानुसार केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थेला कोणाच्याही मूळ राष्ट्रीयत्वावरून भेदभाव करता येत नाही, आणि भाषा येत नसल्यामुळे सेवेपासून वंचित राहणे हाही असाच भेदभाव मानला गेला आहे. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १५५७ ने आणि त्याखालील २०२४ च्या नियमांनी ‘पात्र दुभाषा’ कोणाला म्हणावे हे स्पष्ट केले: दोन्ही भाषांवरील प्रभुत्व सिद्ध झालेला, अचूक व निःपक्ष भाषांतर करू शकणारा आणि गोपनीयतेसह व्यवसायाची नीतितत्त्वे पाळणारा. रुग्णाने स्वतःचा दुभाषा आणावा अशी सक्ती रुग्णालयाला करता येत नाही, आणि जीवावर बेतलेल्या प्रसंगी पात्र दुभाषा मिळेपर्यंतची तात्पुरती सोय एवढा अपवाद वगळता अल्पवयीन मुलाकडून भाषांतर करून घेता येत नाही. मार्च २०२५ मध्ये इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवणाऱ्या अध्यक्षीय आदेशाने भाषासेवेबाबतचा २००० सालचा जुना आदेश रद्द केला. पण संसदेने केलेले हे दोन्ही कायदे त्याने रद्द झाले नाहीत, हे उमेदवारांना सांगून ठेवणे बरे, कारण वर्गात हा प्रश्न येतोच.

कायद्यापेक्षा उमेदवारांवर अधिक परिणाम होतो तो प्रत्यक्ष चुकांचा. २००३ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात ग्लेन फ्लोरेस आणि सहकाऱ्यांनी बालरोग विभागातील स्पॅनिश भाषांतराच्या १३ भेटींचे ध्वनिमुद्रण तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत एकूण ३९६ चुका, म्हणजे प्रत्येक भेटीत सरासरी ३१ चुका आढळल्या, आणि त्यांतल्या ६३ टक्के चुकांचा उपचारांवर परिणाम होण्याची शक्यता होती. निम्म्याहून अधिक चुका या केवळ गाळण्याच्या होत्या. एका भेटीत तर कानाच्या संसर्गासाठी तोंडाने द्यायचे अमॉक्सिसिलिन दोन्ही कानांत घालायला आईला सांगितले गेले. त्याच संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १०० तास किंवा त्याहून अधिक प्रशिक्षण घेतलेल्या दुभाष्यांच्या चुकांपैकी गंभीर ठरू शकतील अशा चुकांचे प्रमाण २ टक्के होते, तर त्याहून कमी प्रशिक्षण असलेल्यांमध्ये १२ टक्के. त्या अभ्यासात अनुभवाच्या वर्षांपेक्षा प्रशिक्षणाच्या तासांचा संबंध अधिक ठळकपणे दिसला. ‘मी हे काम वीस वर्षे करतो आहे’ असे म्हणणाऱ्या उमेदवारापुढे हा आकडा जरूर ठेवावा.

निवड: आधी चाचणी, मग वर्ग

प्रवेशापूर्वी दोन्ही भाषांची तोंडी चाचणी घेतल्याशिवाय कोणालाही वर्गात बसवू नये. भाषा शिकवणे हे या अभ्यासक्रमाचे काम नाही, आणि भाषेत कच्च्या उमेदवाराला तंत्र शिकवले तर तो चुका अधिक आत्मविश्वासाने करतो. मान्यताप्राप्त संस्थेची तोंडी प्राविण्य मुलाखत परवडत असेल तर उत्तमच. नसेल तर दोन्ही भाषांचे जाणकार परीक्षक घेऊन साधी पण ठरावीक पद्धतीची मुलाखत आखावी. ‘तुम्हाला किती येते?’ असे उमेदवारालाच विचारण्यात अर्थ नसतो.

अर्जदार ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात, आणि दोघांच्या उणिवा एकमेकांच्या उलट असतात. पहिला प्रकार अमेरिकेतच वाढलेल्यांचा. त्यांचे शिक्षण इंग्रजीत झालेले असते. स्पॅनिश घरात, आजीशी, स्वयंपाकघरात शिकलेली असते. त्यांची बोलण्याची लय अस्सल असते, पण ‘पित्ताशय’, ‘गर्भाशयमुख’, ‘रक्त गोठणे’ असे शब्द त्यांनी स्पॅनिशमध्ये कधी वापरलेले नसतात आणि मोठ्या माणसाशी औपचारिक बोलताना वाक्य अडखळते. दुसरा प्रकार लॅटिन अमेरिकेत शिकून आलेल्यांचा, ज्यांत कधीकधी तिथले डॉक्टर आणि परिचारिकाही असतात. त्यांची स्पॅनिश भक्कम असते, पण घाईत बोलणाऱ्या इंग्रजी डॉक्टरांचे अर्धवट वाक्य, विनोद किंवा संक्षेप त्यांना निसटतो. शिवाय वैद्यकीय पार्श्वभूमीच्या उमेदवाराला मध्येच स्वतः सल्ला देण्याचा मोह आवरत नाही. या दोघांना सरावासाठी एकत्र बसवावे. एकाला जे येते ते दुसऱ्याला हवे असते, आणि त्यातून होणारे शिक्षण कोणत्याही पुस्तकातून होत नाही.

पहिल्या प्रकारातल्या अनेकांनी लहानपणीच आईवडिलांसाठी दवाखान्यात, बँकेत, शाळेत भाषांतर केलेले असते. त्यांचा अनुभव मोलाचा आहे आणि त्याचा मान राखावा. पण त्याच अनुभवातून काही सवयी पक्क्या झालेल्या असतात. आईला वाईट वाटेल ते सौम्य करून सांगायचे, डॉक्टरांचे लांबलचक बोलणे दोन वाक्यांत आटपायचे, आईच्या वतीने स्वतःच उत्तर द्यायचे. लेकराने आईसाठी केलेले हे वागणे प्रेमाचे असते, परंतु दुभाष्याने केले तर तो रुग्णाच्या हक्काच्या माहितीत केलेला बदल ठरतो. या सवयी मोडणे हाच अभ्यासक्रमातला सर्वात कठीण आणि सर्वाधिक वेळ घेणारा भाग आहे असे माझे मत आहे, आणि ज्या अभ्यासक्रमात शब्दसंग्रहालाच सर्वाधिक तास दिलेले असतात तो चुकीच्या ठिकाणी मेहनत करतो.

किती तास, कशासाठी

चाळीस तास ही अमेरिकेत रूढ झालेली किमान मर्यादा आहे, आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र देणाऱ्या दोन्ही मंडळांच्या परीक्षेला बसण्यासाठी एवढ्या प्रशिक्षणाचा पुरावा लागतो. ओरेगन राज्य ६० तास मागते. वर सांगितलेला शंभर तासांचा आकडा लक्षात घेता, चाळीस तासांचा वर्ग आणि त्यानंतर निदान तितक्याच तासांचा देखरेखीखालील सराव अशी आखणी करणे शहाणपणाचे ठरते. वर्गातल्या तासांपैकी अर्ध्याहून अधिक वेळ उमेदवारांनी प्रत्यक्ष बोलण्यात जावा. प्रशिक्षकाने व्याख्यान देत राहिल्यास उमेदवारांना नीतितत्त्वे पाठ होतात. तोंड मात्र उघडत नाही.

आरोग्यसेवेतील दुभाष्यांच्या राष्ट्रीय परिषदेने २००४ साली नीतिसंहिता, २००५ साली कामाची मानके आणि २०११ साली प्रशिक्षण कार्यक्रमांची मानके प्रसिद्ध केली आहेत. नवा अभ्यासक्रम आखणाऱ्याने ही तिन्ही समोर ठेवूनच वेळापत्रक करावे. सगळे नव्याने शोधण्याची गरज नाही.

भेटीच्या खोलीतले वागणे

सुरुवात ओळखीपासून करावी. भेट सुरू होण्यापूर्वी अर्ध्या मिनिटात दुभाष्याने दोन्ही बाजूंना दोन्ही भाषांत चार गोष्टी सांगायच्या असतात: आपण दुभाषा आहोत, इथे बोलले गेलेले सर्व काही आपण भाषांतरित करू, सर्व काही गोपनीय राहील, आणि कृपया एकमेकांकडे पाहून, थोडे थांबत थांबत बोलावे. हे चार मुद्दे उमेदवाराच्या जिभेवर इतके बसले पाहिजेत की घाईत असलेल्या डॉक्टरांसमोरही ते गाळले जाऊ नयेत. ‘सर्व काही भाषांतरित करू’ हे आधी सांगितलेले असले की रुग्णाने मध्येच ‘हे डॉक्टरांना सांगू नका’ म्हटल्यावर दुभाषा पेचात सापडत नाही.

बोलणे प्रथमपुरुषी असावे. रुग्ण ‘माझ्या छातीत दुखते’ म्हणाली तर दुभाष्यानेही इंग्रजीत ‘माझ्या छातीत दुखते’ असेच म्हणायचे. ‘ती म्हणते की तिच्या छातीत दुखते’ असे नव्हे. नव्या उमेदवारांना हे नाटकी वाटते, परंतु दोन-तीन सत्रांत डॉक्टर आणि रुग्ण थेट एकमेकांशी बोलू लागतात असे दिसले की त्यांची शंका फिटते. दुभाष्याला स्वतःच्या वतीने काही म्हणायचे असेल, उदाहरणार्थ एखादा शब्द कळला नाही, तर ‘दुभाष्याला एक स्पष्टीकरण हवे आहे’ असे तृतीयपुरुषी म्हणावे आणि लगेच दुसऱ्या बाजूलाही आपण काय विचारले ते सांगावे, म्हणजे खोलीतले कोणीही अंधारात राहत नाही. बसण्याची जागा शक्यतो रुग्णाच्या बाजूला, किंचित मागे असावी. शारीरिक तपासणीच्या वेळी पडद्याआड उभे राहावे. आवाज पोहोचला की पुरे.

दुभाष्याच्या भूमिकेला पायऱ्या आहेत. नेहमीची भूमिका म्हणजे बोलणे जसेच्या तसे पोहोचवणे. अर्थ अडला तर स्पष्टीकरण मागणे ही दुसरी पायरी. सांस्कृतिक गैरसमज होतो आहे असे दिसले, उदाहरणार्थ रुग्ण ‘सुस्तो’ झाला आहे म्हणते आणि धक्का बसून किंवा घाबरून जडलेला हा आजार डॉक्टरांच्या लक्षात येत नाही, तर ‘याविषयी रुग्णालाच अधिक विचारता येईल’ एवढे सुचवणे ही तिसरी. रुग्णाच्या जीवाला किंवा प्रतिष्ठेला गंभीर धोका असेल तेव्हाच त्याच्या बाजूने उभे राहणे ही शेवटची, क्वचित वापरायची. उमेदवारांना शेवटची पायरी फार आवडते. तिथून खाली उतरायला शिकवावे लागते.

सरावाचा एक नमुना

प्रशिक्षक डॉक्टर होतो, एक उमेदवार आई होते, दुसरा दुभाषा. डॉक्टर म्हणतात: “हे औषध मुलीला ५ मिलिलिटर, दर ८ तासांनी, १० दिवस द्या. ताप उतरला तरी मध्येच बंद करू नका. अंगावर पुरळ उठले किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर मात्र औषध थांबवा आणि लगेच आम्हाला फोन करा.”

नवा उमेदवार बहुधा स्पॅनिशमध्ये असे सांगतो: “हे औषध दिवसातून तीनदा, एक चमचा, दहा दिवस द्या. काही त्रास झाला तर फोन करा.” हे ऐकायला सहज आणि समजायला सोपे असते, सोबतचे उमेदवार मानाही डोलावतात. मग ध्वनिमुद्रण पुन्हा लावावे आणि मूळ वाक्य फळ्यावर लिहून एकेक तुकडा ताडून पाहावा. ‘दर ८ तासांनी’ याचे ‘दिवसातून तीनदा’ झाले, म्हणजे रात्रीची मात्रा सकाळ-दुपार-संध्याकाळीत गेली. ५ मिलिलिटरचा ‘चमचा’ झाला. आता स्पॅनिशमध्ये ‘कुचारादा’ म्हणजे मोठा चमचा आणि ‘कुचारादिता’ म्हणजे लहान, आणि दोघांत १५ व ५ मिलिलिटरचा, म्हणजे तिपटीचा फरक आहे. ताप उतरल्यावरही औषध चालू ठेवण्याची सूचना गळाली. पुरळ आणि श्वास ही दोन नेमकी लक्षणे ‘काही त्रास’ या मोघम शब्दांत विरली. आणि औषध थांबवायचे हे सांगायचेच राहिले. एवढ्याशा बोलण्यात पाच चुका, आणि त्यांतली एकही भाषा येत नसल्यामुळे झालेली नाही.

असे चार-पाच प्रसंग तपासून झाल्यावर उमेदवार स्वतःच विचारतात की हे सगळे लक्षात ठेवायचे तरी कसे. स्मरणाचे तंत्र शिकवण्याची खरी वेळ तीच.

स्मरण आणि टिपणे

ऐकताना शब्द पकडू नयेत, आशयाचे तुकडे पकडावेत: कोणी, काय, किती, केव्हा, नाहीतर काय. वरच्या उदाहरणात मात्रा, अंतर, मुदत, मनाई आणि धोक्याची चिन्हे असे पाच तुकडे आहेत. बोटांवर मोजले तरी एकही सुटत नाही. सराव एका वाक्यापासून सुरू करून हळूहळू चार-पाच वाक्यांपर्यंत न्यावा, आणि आरंभी भाषा न बदलता, इंग्रजीचे इंग्रजीतच पुन्हा सांगायला लावावे. स्मरण आणि भाषांतर ही दोन ओझी एकदम दिली तर नेमके कोणते पेलवत नाही ते कळत नाही.

टिपणे फक्त आकडे, नावे, तारखा आणि मात्रा यांचीच घ्यावीत, कागदावर वरून खाली, चिन्हांचा उपयोग करून. पूर्ण वाक्ये लिहिणारा ऐकायचे थांबवतो. आकड्यांचा सराव तर रोज वेगळा घ्यावा, कारण दुसऱ्या भाषेत अस्खलित असलेली माणसेही आकडे मनातल्या मनात पहिल्या भाषेत मोजतात. फोन नंबर, रक्तदाब आणि जन्मतारखा भरभर वाचून दाखवाव्यात आणि उमेदवारांनी त्या लगेच दुसऱ्या भाषेत म्हणाव्यात. भेट संपली की टिपणाचा कागद रुग्णालयातच फाडून नष्ट करावा. १९९६ च्या गोपनीयताविषयक कायद्याखाली, ज्याला सगळे ‘हिपा’ म्हणतात, त्या कागदावरची माहितीही रुग्णाची खासगी माहिती असते.

ही क्रमाक्रमाने बोलण्याची पद्धत दवाखान्यातली मुख्य पद्धत आहे. बोलणे चालू असतानाच समांतर भाषांतर करण्याची पद्धत रुग्ण अनावर बोलत असेल किंवा मानसोपचाराच्या भेटीत उपयोगी पडते. तिची ओळख करून द्यावी, पण नवशिक्यांना तीत फार रेंगाळू देऊ नये. लिखित मजकूर पाहून तोंडी सांगण्याचा सराव मात्र आवश्यक आहे, आणि तो घरी न्यायच्या सूचनांपासून सुरू करावा. संमतिपत्राच्या बाबतीत एक मर्यादा ठाम सांगावी: डॉक्टर किंवा परिचारिका खोलीत नसताना दुभाष्याने संमतिपत्र एकट्याने वाचून सही घेऊ नये. रुग्णाच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे काम दुभाष्याचे नाही, आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या क्षणी प्रश्न येणारच.

शब्दसंग्रह आणि स्पॅनिशचे अनेक देश

शरीररचना अवयवसंस्थांनुसार शिकवावी: एका सत्रात हृदय आणि रक्ताभिसरण, दुसऱ्यात पचनसंस्था, आणि प्रत्येक सत्राच्या शेवटी त्याच संस्थेवरचा एक सराव-प्रसंग. लॅटिन आणि ग्रीक मूळ असलेले वैद्यकीय शब्द स्पॅनिशमध्ये फारसे रूप न बदलता येतात, त्यामुळे डॉक्टरी शब्द तुलनेने लवकर बसतात. अडतात ते लोकांच्या तोंडचे शब्द. ‘ग्वाग्वा’ म्हणजे क्यूबा, प्वेर्तो रिको आणि डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या माणसासाठी बस, तर चिली, बोलिव्हिया किंवा एक्वादोरमधल्या माणसासाठी तान्हे बाळ. प्रत्येक उमेदवाराने वेगवेगळ्या देशांतील रुग्णांकडून ऐकलेल्या अशा शब्दांची स्वतःची वही ठेवावी, आणि खात्री नसेल तर अंदाज न करता विचारावे. डॉक्टरांच्या इंग्रजी संबोधनात आदर-अनादर दिसत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र ‘तू’ की ‘उस्तेद’ हे ठरवावेच लागते, आणि प्रौढ रुग्णाशी बोलताना आदरार्थी ‘उस्तेद’ वापरणेच सुरक्षित. हा पेच मराठी वाचकाला समजावून सांगायला नकोच.

बोलण्याची पातळी बदलू नये, हाही नियम इथेच शिकवावा. डॉक्टर अवघड बोलले तर भाषांतरही अवघडच होईल. रुग्णाला कळले नसल्याची शंका आल्यास दुभाष्याने ती उघडपणे मांडावी आणि सोपे करून सांगण्याचे काम डॉक्टरांकडे सोपवावे. रुग्णाने शिवी दिली तर ती शिवीही पोहोचवायची असते. या टप्प्यावर वर्गात हशा होतो, मग गंभीर चर्चा होते, आणि दोन्ही होऊ द्यावे.

एक गोष्ट अनेक अभ्यासक्रमांत राहून जाते. मेक्सिको आणि ग्वातेमालाहून आलेल्या काही रुग्णांची मातृभाषा स्पॅनिश नसतेच. ती मिश्तेको, माम, किचे किंवा कान्होबाल यांपैकी एखादी असते. नोंदणीत मात्र ‘भाषा: स्पॅनिश’ असे लिहिलेले असते. रुग्ण प्रत्येक प्रश्नाला ‘सी, सी’ (हो, हो) म्हणतो आणि त्यापुढे काही बोलत नाही, तेव्हा दुभाष्याने ते पहिल्या काही मिनिटांतच ओळखावे, डॉक्टरांना सांगावे आणि त्या भाषेचा दुभाषा फोनवरून मिळवण्याची विनंती करावी. आपल्याला स्पॅनिश उत्तम येते म्हणून भेट रेटून नेणे हा इथे दोष ठरतो.

वर्गानंतर

वर्ग संपला की उमेदवाराने काही आठवडे अनुभवी दुभाष्यासोबत केवळ पाहावे, मग त्याच्या देखरेखीखाली साध्या भेटी घ्याव्यात: लसीकरण, नियमित तपासणी, औषधांची फेरभेट. कर्करोगाचे निदान, मृत्यूची बातमी, मानसोपचार हे प्रसंग नंतर. फोनवरून किंवा व्हिडिओवरून केलेल्या भाषांतराचा सराव स्वतंत्रपणे घ्यावा, कारण फोनवर चेहरा दिसत नाही आणि खोलीत किती माणसे आहेत हेही आधी विचारावे लागते. जड भेटीनंतर देखरेख करणाऱ्याने दहा मिनिटे उमेदवाराशी बोलावे. प्रथमपुरुषी ‘मला जगायचे नाही’ असे दिवसभरात अनेकदा उच्चारणाऱ्याच्या मनावर त्याचा परिणाम होतो, आणि त्याविषयी बोलायची जागा संस्थेने ठेवायला हवी.

प्रमाणपत्र देणारी राष्ट्रीय मंडळे दोन आहेत आणि दोन्ही २००९ मध्ये अस्तित्वात आली. दोन्हींकडे स्पॅनिशसाठी आधी लेखी आणि मग तोंडी परीक्षा आहे. उमेदवार किमान १८ वर्षांचा, शालान्त शिक्षण पूर्ण केलेला आणि दोन्ही भाषांचे प्राविण्य दाखवू शकणारा असावा लागतो. लेखी परीक्षेत नीतितत्त्वे, दुभाष्याची भूमिका आणि वैद्यकीय शब्दसंग्रह यांवर प्रश्न असतात, म्हणून ती वर्ग ताजा असतानाच द्यावी. तोंडी परीक्षेसाठी मात्र काही महिने प्रत्यक्ष काम करून मगच बसावे. स्वतःचे ध्वनिमुद्रण करून मूळ मजकुराशी तुकडा-तुकडा ताडून पाहण्याची सवय तोवर लागलेली असेल, तर परीक्षेच्या तयारीसाठी वेगळा वर्ग भरवण्याची गरज उरत नाही.